खिंडार बुजल्यावर

बांबोळीच्या तळमजल्यावर, एसीच्या गारठ्यात
मी हृदयाचे काप रंगवते.
जाडी पाच मायक्रॉन.
आधी लाल, मग आम्ल, मग निळा.
स्नायू लाल सोडत नाही,
आणि व्रण असेल तिथे निळा चढतो.
एवढंच माझं काम. निदान डॉक्टर लिहितात.

आजची काच कुणाची, ठाऊक नाही. चिठ्ठीवर फक्त आकडा.
पण पुरसोचं, म्हणजे माझ्या बाबांचं,
आतून असंच दिसत असणार.
ते पाहायची पाळी माझ्यावर येऊ नये
एवढं सातेरीकडे मागून झालंय.

चोडणच्या खाजनात चाळीस वर्षं त्यांनी बांध राखला.
मानशीची दारं, भरती-ओहोटी, कोरगुटाचं भात.
मी सातवीत होते, कार्तिकातली अमावास्या,
खेकड्याच्या बिळातून पाणी शिरलं
आणि कोंबडा आरवेपर्यंत बारा हात बांध मांडवीत.
ढोल वाजला. गाव धावलं.
चिखल, पेंढा, चुडतं, कुणाचा तरी मोडका पलंग;
शेवटी मिंगेलने आपली जुनी होडी
चिखलाने भरून खिंडारात बुडवली,
आणि काठावर बसून लहान मुलासारखा रडला.

गेल्या वर्षी बाबांची धमनी बुजली.

दवाखान्यातून परतताना, रायबंदरच्या फेरीबोटीत
कठड्याला टेकून ते म्हणाले, आता नीट सांग.
मी सांगितलं.
मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही, बाबा.
आधी झाडूवाल्या पेशी येतात, मढी उचलतात,
आणि जाताजाता हाळी देतात.
ती ऐकून धाग्यांमधल्या साध्या पेशी उठतात,
एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात,
त्यांना दंड फुटतात, त्या कडा ओढून धरतात,
आणि कोलॅजन विणत सुटतात, दोरावर दोर.
नाहीतर त्याच आठवड्यात भिंत फुटली असती.
मग एक विकर येतं,
दोराला दोर गाठ मारून टाकतं.

'म्हणजे वाचवलं त्यांनीच.'
हो.
'मग काम झाल्यावर घरी का जात नाहीत?'

फेरीचं इंजिन धडधडत होतं.
पुस्तकात उत्तर आहे, थोडं.
कातडीवरच्या जखमेतून त्या निघून जातात, मरून जातात गुपचूप.
हृदयात वर्षानुवर्षं राहतात.
हृदय थांबत नाही ना. दर ठोक्याला ताण,
आणि ताण पडला की धाग्यांत दडवून ठेवलेली
तीच जुनी हाळी पुन्हा सुटते.
कडकपणाच त्यांना सांगतो, अजून विणा.
मग जिथे खिंडार नव्हतंच
त्या धडधाकट भागातही
स्नायूच्या फटीफटीत निळा झिरपतो.
हृदय आकसायला जमतं. सैल पडायला जमत नाही.

बाबा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले, होडीच्या जागी नंतर सरकारने
सिमेंट ओतलं, तुला आठवत नसेल.
मानस ठेवलीच नाही. पक्कं काम.
पाणी आत येईना, आतलं बाहेर जाईना.
तीन वर्षांत कोळंबी गेली, मग भात.
'बांध म्हळ्यार वणत न्हय गो.'
बांध म्हणजे भिंत नव्हे.
एवढं बोलून त्यांना दम लागला.

सकाळ-संध्याकाळ एक गोळी आहे.
ती हाळी थोडी दबवते, म्हणतात. थोडी.
झालेला व्रण पुसत नाही.
डबीवर त्यांनी खडूने भरती-ओहोटीची खूण केली आहे,
चुकू नये म्हणून.

काच भिंगाखाली सरकवते.
निळाच निळा, दोराचे पेड,
आणि मधोमध लाल पेशींचं एक बेट, जिवंत.
अशाच बेटांना वळसा घालताना
हृदयातली वीज वाट चुकते, गरगरते,
हेही मला ठाऊक आहे.
तरी मी काच हलवत नाही.
बोटांवरचा निळा साबणाने जात नाही.
साडेपाचची फेरी चुकली तर
पुढची सव्वासहाला.