अडतोय त्यो

तासगावात बेदाण्याच्या शेडमध्ये
आई निवडायला बसायची.
हात चालू, तोंड चालू,
कुणाच्या सुनेचं, कुणाच्या म्हशीचं,
आणि मधेच एक दाणा उचलून बाजूला.
कसा कळला गं?
"बघत बसायचं न्हाई. नजरंला अडतोय त्यो उचलायचा."

मिरजेत, दवाखान्याच्या मागच्या खोलीत
मी मायक्रोस्कोपला डोळे लावून बसते.
शेवंता कोळेकर, वय त्रेपन्न, मानेला गाठ.
सुईनं ओढलेला थेंब
काचेवर पसरून, वाळवून, रंगवून.

डावीकडून उजवीकडे. थोडं खाली. पुन्हा डावीकडे.
जांभळ्या ठिपक्यांची गर्दी,
सगळ्या पेशी आपापल्या मापात, गुमान.

मग एक अडते.

केंद्रक फुगलेलं, कड वेडीवाकडी,
आतला रंग ढेकळाढेकळानं.
तिला खेटून अजून तिघी, तशाच.

चाळीसची भिंग लावते, पुन्हा दहाची.
काच पुसते. स्वतःचा चष्माही पुसते.
चहावर केव्हाची साय धरलीय.
आपण चुकलेलो असावं
असं या नोकरीत
दिवसातून एकदा तरी वाटतं.

खिडकीतून बाहेरचं बाकडं दिसतं.
शेवंताबाईच्या ओटीत भाजल्या शेंगा,
शेजारच्या अनोळखी पोराला सोलून देतायत.
एक खवट निघाली,
त्यांनी न बघताच ती खाली टाकली.

मी काचेवर पेननं चार ठिपके देते,
सरांनी नेमकं तिथंच बघावं म्हणून.
ट्रे उचलून दारात येते, तर त्या उठतात,
पदर झटकतात:
"बाई, चारची कवठ्याची गाडी मिळंल न्हवं?"