तिसरी नोंद

जेवणाआधीच आरसा बाहेर काढून ठेवावा लागतो.
सोळा इंचांची काच, दिवसभराची ऊब धरून बसलेली.
ती निवेपर्यंत तारे उकळत्या पाण्यातल्या डाळीसारखे हलतात.
म्हणून तिच्या पाठीशी पंखा लावते
आणि आत जाऊन मटणाचं हाड चोखत बसते,
घड्याळाकडे बघत.

फ्रेझरबर्गमध्ये जुलैत पाणी नळातच गोठतं.
दोन मोजे, नवऱ्याचा कोट,
दवाखान्यात कुणीतरी विसरलेली लोकरी टोपी.
टॉर्चला लाल कागद.
कुंपणापलीकडे मेंढ्या एकमेकींना चिकटून, एकच ढीग.

यंत्र विचारतं: दोन तारे दाखव.
हे मला आवडतं त्याचं.
चाळीस हजार नावं पोटात घेऊन बसलंय,
पण आपण कुठे उभे आहोत
ते त्याला दर रात्री नव्याने सांगावं लागतं.
उत्तरेला स्वाती, दक्षिणेला मित्र.
दोन्ही मधोमध आणून हो म्हटलं
की मोटर गुरगुरते
आणि नळकांडं सावकाश मान वळवतं.

दुर्बीण ओपरमनसाहेबांची. औषधांचं दुकान होतं त्यांचं.
साखरेत आधी पाय गेला, मग दुकान.
उरलेल्या पायाची पट्टी बदलायला मी दर गुरुवारी जायची.
"याकोमीन, यंदा शनीची कडी मिटत चाललीय," म्हणायचे.
मी म्हणायची, आधी अंगठा दाखवा.
ते गेल्यावर केपटाऊनहून मुलगी आली, घर विकलं,
दुर्बीण काही गाडीत मावेना.
चार मेंढ्यांच्या भावात मला दिली. शिडी फुकट.

रिमोटमध्ये त्यांनी स्वतः साठवलेल्या तीन जागा आहेत.
नावं नाहीत, नुसते आकडे.
पहिली दाबली: जोडतारा, एक पिवळा, एक निळसर.
दुसरी: दीर्घिका, काचेवर सोडलेल्या श्वासाएवढी.
तिसरी दाबली.
मोटर बराच वेळ फिरली. शिडी चढून डोळा लावला.
काही नाही.

काही नाही म्हणजे, किरकोळ तारे होते,
कुठेही असतात तसे,
कुणी मुद्दाम जपून ठेवावं असं काही नाही.
भिंग बदललं. वाफ धरू नये म्हणून श्वास रोखला.
नजर जरा बाजूला ठेवून पाहिलं;
त्यांनीच शिकवलं होतं,
फिकट गोष्टी सरळ पाहिल्या की लाजतात.
काही नाही.

धूमकेतू असेल. त्या रात्री तिथे होता,
पुढे निघून गेला, आकडे राहिले.
नाहीतर दुसरं:
शेवटच्या वर्षी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरायचं.
पेशंटला केस दिसतो, माशी दिसते, धुकं दिसतं.
कार्डावर ते माझ्याच अक्षरात आहे.
एखाद्या रात्री तो ठिपका भिंगात इतका नेमका बसला असेल
की म्हाताऱ्याला वाटलं असेल, हे अजून कुणीच पाहिलेलं नाही,
आणि थरथरत्या बोटाने त्याने जागा साठवली असेल.
मला बोलला नाही.
गुरुवारी नुसता हसला असेल, अंगठा पुढे करून.

दुआन, माझा नातू, म्हणतो, खोडून टाक ना आजी,
जागा मोकळी होईल.
त्याला येतं ते, दोन बटणांचं काम.
मी म्हटलं, पाय सांभाळ, वायर आहे तिथे.
तोवर त्याने धक्का दिलाच.
यंत्र गोंधळलं. मागितला मित्र, दाखवलं आमचं धुरांडं.
मग पुन्हा तेच: दोन तारे दाखव.

स्वाती एव्हाना बाभळीच्या फांद्यांत उतरली होती.
दुसरा कोणता घ्यावा, मी बघत उभी राहिले.
कुंपणापलीकडे एक मेंढी खोकली.
"ती लाल घे," दुआन म्हणाला.
ज्येष्ठा. थेट डोक्यावर.
तिथे या यंत्राची मान धड वळत नाही,
आणि शिडीची सगळ्यात वरची पायरी हलते.

धर मग, म्हटलं, नीट धर.