नाव पैसे भरल्यावर कळेल

रात्री पावणेबाराला, दोडामार्गच्या घरात,
मी पणजीतल्या एका खोलीवर बोली लावत होते.
खोलीला नाव नव्हतं.
‘तीन तारे, शहराचा मध्य, गरम पाणी.
नाव पैसे भरल्यावर कळेल.’
आईचा डोळा बुधवारी सकाळी सातला,
पट्टी गुरुवारी सुटणार,
आणि नेमका त्याच आठवड्यात चित्रपट महोत्सव:
मळ्यातला साधा लॉजसुद्धा
साडेचार हजारांखाली फोनवर बोलेना.

नऊशे लिहिले.
पडद्यावर एक गोल फिरत राहिला,
मग: ‘क्षमस्व. थोडी वाढवून पाहा.’
अकराशे. पुन्हा गोल. पुन्हा क्षमस्व.
समोर कोणाच्या भुवया नाहीत,
‘परवडना गो बाये’ म्हणत पाटी झाकणं नाही,
चार पावलं चालून गेल्यावर
मागून येणारी हाक नाही.

आईला मी बघितलंय म्हापशाला, शुक्रवारी,
इस्पेरांसच्या पाटीपुढे उकिडवी बसलेली.
सुरमईकडे बघायचंच नाही.
बांगड्यांची चौकशी करायची, मुलांची करायची,
जावयाची दारू सुटली का ते विचारायचं,
आणि निघता निघता, जणू आत्ताच आठवलं,
“आणि ही केवढ्याक?”
चाळीस रुपये उतरायला अर्धा तास लागायचा.
तो अर्धा तास दोघींनाही हवा असायचा.

मी तेराशे पन्नास लिहिले.
वरचे पन्नास कशाला, मलाच ठाऊक नाही.
गोल फिरलाच नाही.
‘अभिनंदन!’
आणि लगेच पोटात खड्डा:
बाराशेला दिली असती.
बाराशे दहाला तर नक्कीच.
मग नाव आलं, हॉटेल दोना लुझीया,
अठरा जून रस्त्याच्या मागची गल्ली.

काउंटरवरचा मुलगा, बिल्ल्यावर ‘ऑर्लिन’,
“ऑनलाइन?” म्हणाला, आणि किल्ली
जरा खालच्या खणातून काढली.
तसं मला वाटलं. खण एकच असेल कदाचित.
आमच्या पुढचे दोघे, गळ्यात महोत्सवाची ओळखपत्रं,
सहा हजारांची पावती दुमडत होते.
मी फरशीकडे बघत राहिले,
चोरी पकडल्यासारखी
आणि जिंकल्यासारखी, एकदमच.

खोली तीनशे चार.
खिडकी उघडली तर हातभर अंतरावर
शेजारच्या इमारतीचा एसी, ठिबकणारा,
आणि खाली कोणीतरी मांडलेली बादली.

बुधवारी दुपारी, एका डोळ्यावर पट्टी,
आईने दुसऱ्या डोळ्याने खोली मोजली.
“केवढ्याक?”
सांगितलं.
“पयला किती म्हटलंस?”
तेही सांगितलं.
“आणि शेवटाक तो काय म्हणालो?”
“कायच नाय. लगेच दिली.”
ती गप्प झाली.
इस्पेरांस पटकन हो म्हणाली की
आई कल्ले उचकटून पुन्हा बघायची.

तिने उशी उचलली. हुंगली.
चादरीचं टोक दोन बोटांत चोळलं.
न्हाणीघरातला नळ सोडून
त्याखाली हात धरून उभी राहिली,
पाणी कोमट होईस्तोवर, मग गरम होईस्तोवर.
“ताजी आसा,” म्हणाली. “पण बारकी.”

संध्याकाळी थेंबांची बाटली घेऊन परतले
तर पलंग रिकामा.
आई खाली, काउंटरपाशी, स्टुलावर.
ऑर्लिनचं गाव काणकोण, हे तिला कळलं होतं,
त्याच्या आईचे गुडघे, बहिणीचं कतारला जाणं,
रात्रपाळीत त्याला डाळ-भात पुरत नाही हेसुद्धा.
उठायला तिने काठावर हात टेकला,
दोन पावलं जिन्याकडे टाकली,
आणि पट्टी नसलेला डोळा वळवून म्हणाली,
“आणि ती रस्त्यावरची खोली,
गॅलरीवाली, ती केवढ्याक?”

ऑर्लिनने संगणकाकडे पाहिलं.
मग आईकडे.
मग खुर्ची जरा पुढे ओढून घेतली.