अर्धी गोळी

सकाळी साडेसातला अर्धी गोळी.
सुरीने मोडली की चुरा होतो,
म्हणून जावयाने कापायची डबी आणली,
टोकयंत्राएवढी.
तिचा कट् आवाज
माझ्या छातीतल्यापेक्षा वेळेवर येतो.

दोन वर्षांपूर्वी मत्राच्या मासळीबाजारात
सुरमईचा भाव करताना
हृदय जिना चुकलं.
दोन पायऱ्या उतरलं, एक चढलं, थांबलं.
तेव्हापासून ही गोळी त्याला
हात धरून चालवते.
चालवते, हे खरं.

पण कपाळ आणि नाकाचा शेंडा
ओल्या पाटीच्या रंगाचा झालाय.
"बाबा, उन्हात नको," वृंदा बजावते.
मस्कतमध्ये, जूनमध्ये, उन्हात नको!
एकतीस वर्षं बंदरावर
कंटेनरचे नंबर मी उन्हातच टिपले.
तेव्हा काळा पडलो होतो, निळा नाही.
आता मगरिबची बांग झाली की
टोपी, पूर्ण बाह्या, मग लिफ्ट.

थायरॉईड मंदावलंय म्हणे.
बाहेर चव्वेचाळीस, आणि मी शाल मागतो;
एसीच्या रिमोटवरून नातवाशी भांडण.
बशी हातात किणकिणते, म्हणून बशी बंद.
पपनसही बंद.

फार्मसीतला शाजी चिठ्ठी उलगडून वाचतो:
फुप्फुस, यकृत, डोळे.
"सगळ्यांना होत नाही, अंकल."
सगळ्यांना होत नाही ते मला
आजवर शिस्तीत होत आलंय.

डॉक्टर हनान नाडी धरतात. बावन्न.
खोकला? नाही.
दम? जिना असेल तर.
डोळ्यांना काही?

इथे मी जरा थांबतो.

कारण रात्री कॉर्निशवर
प्रत्येक दिव्याभोवती एक कडं असतं,
आत हिरवट, बाहेर तांबूस.
टॅक्सीला कडं, गलबताच्या डोलकाठीला कडं,
आणि माझ्या जुन्या क्रेनवरचा तो लाल दिवा,
ज्याच्याकडे नोकरीत असताना
एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं.

"काही नाही," मी सांगतो.

परवा मात्र फूटपाथ समजून
उजेडावरच पाय ठेवला.
एका ओमानी पोराने दंड पकडला,
"श्वै श्वै, हाजी."
हाजी नाही रे, मी कारखानीस,
एवढंही धापेत म्हणता आलं नाही.

गुरुवारी सांगणार आहे.
वृंदाने कागदावर लिहूनच ठेवलंय: डोळे.
खाली दोन रेघा.

आज बुधवार.
बाकावर बसलोय. वृंदाचे दोन फोन येऊन गेले.
क्रेनचं कडं सगळ्यांत मोठं आहे.