कारण

सातपूरच्या खोलीत, रात्री पावणेबाराला
मी सातवी 'ब'चे रजेचे अर्ज तपासतेय.
छप्पन्न वह्या.
आतापर्यंत एकवीस जणांना ताप आलाय,
नऊ जणांच्या मावशीचं लग्न आहे,
एकाचे आजोबा वारलेत,
ते मागच्या चाचणीतही वारले होते.

खिचडीच्या तांदळाचा हिशेब जुळत नाही,
चार किलो कुठे गेले? मी नाही खाल्ले.
फोनवर उद्याच्या फोटोंची आठवण:
झाड लावतानाचे, हात धुतानाचे,
मुलं हसताना हवीत, हे वेगळं लिहिलंय.

शिक्षणसेवक म्हणून दुसरं वर्ष.
घरी सटाण्याला फोनवर सांगते,
नाशिक मानवलंय.
घसा दिवाळीपासून बसलाय,
त्याला रोज पहाटे कोमट पाणी पाजून
पुन्हा उभा करते.

मग कावेरी भोयेची वही.
'मला आज बरं वाटत नाही.
ताप नाही. पोट दुखत नाही.
घरी पण सगळे बरे आहेत.
तरी क्रुपया एक दिवस रजा मिळावी.'

हाताने सवयीने लाल शेरा मारला:
कारण स्पष्ट करावे. पाचपैकी दोन.

पुढची वही उघडली. मिटली.
तेवढ्यात एमआयडीसीचा भोंगा झाला.
एक पाळी आत जात असेल,
एक सायकली काढत असेल.
त्यांच्या दमण्याला निदान वेळ ठरलेली.

कावेरीचा अर्ज परत वाचला,
मोठ्याने, फाटक्या आवाजात.
खाली माझी सही असती
तरी एक शब्द बदलावा लागला नसता.

लाल शाई खोडरबराने जात नाही,
कागद तेवढा झिजतो.
शेरा तसाच राहू दिला, त्याखाली लिहिलं:
कारण पुरेसं आहे. पाचपैकी साडेचार.
(अर्धा 'क्रुपया'चा कापला. तेवढी मी बाई आहेच.)

मग कोरं पान फाडलं.
मा. मुख्याध्यापक यांस,
'विनंती अर्ज करते की'पर्यंत हात सरळ गेला.
पुढे 'ताप' लिहिलं.
खोडलं.
लिहिलं, ताप नाही.

उरलेल्या चोवीस वह्या
खाटेखाली सरकवल्या.
सर विचारतील. विचारू देत.
साडेपाचचा गजर बंद केला
आणि आजारी पोराला बघतात तसा
स्वतःच्याच कपाळावर हात ठेवला.
गार होतं.
तरी हात
काढला नाही.