भिजवण

मानशीवरचा इनास पाय पुढे करतो
तेव्हा चोडणची तिसरी फेरीबोट लागलेली असते.
आरोग्यकेंद्राच्या लादीवर एकाच पायाचे चिखलठसे.
दुसऱ्याला त्याच्या लुंगीची चिंधी,
शनिवारी कालवाच्या शिंपल्यावर कापला
तेव्हापासून बांधलेली.
आता चिंधी कुठे संपते
आणि इनास कुठे सुरू होतो
सांगता येत नाही.

"एकाच फावटीं ओड गो, बाये," म्हणतो
आणि खिडकीतून खारफुटीकडे बघत राहतो.

ओढत नाही मी.
नोकरीच्या पहिल्या वर्षी ओढायचे.
झर्रकन निघायची पट्टी, माणूस एकदाच कळवळायचा,
वाटायचं, हात साफ आहे आपला.
मग एकदा ट्रेमध्ये उलटी पडलेली गॉझ पाहिली:
तिच्या घराघरात अडकलेलं
चार दिवसांचं कोवळं कातडं,
मीच उपटलेलं.

रक्ताला कुठे कळतं कापड परकं आहे.
ते आपले धागे विणत सुटतं
सुताच्या उभ्याआडव्यातून,
हाताला येईल ते धरून खांड बुजवतं.
आणि वाळलं की
सोडत नाही.

कोमट सलाईन. थेंब. मग थेंब.
टाचेवरून गंजाच्या रंगाचं पाणी.
"उघडीच ठेवली तर? वाऱ्यावर सुकली की बरी होते ना?"
मी विचारते, बांधाची माती सुकू देता तुम्ही?
इनास हसतो. एक दात सोन्याचा.
"सुकली तर भेगाळते. मग कुर्ल्या शिरतात,
मग नदी.
ओल हवी, पण पाणी साचता कामा नये."
एवढ्यालाच आमच्या पुस्तकात तीन पानं होती.

वीस मिनिटं.
रांगेत कुणीतरी मुद्दाम खाकरतं.
चिंधीचं टोक आपणहून उचललं जातं,
मग पुढचं बोटभर.
खाली काठाकाठाने
कालवाच्या आतल्या बाजूसारखी
गुलाबी-पांढरी झिलई
आत सरकू लागलेली.

न चिकटणारी मेणाळ जाळी, वर कापूस, वर पट्टी.
बुधवारी या. पाय भिजवू नका.
"बुधवारी आमाशेची भरती," तो म्हणतो,
"मानशीचं दार तू बघणार?"

पट्टीवर पावाची प्लास्टिक पिशवी चढवते,
दोन गाठी मारते.
दुसरी जरा सैल.