तक्त्यातला शेवटचा रकाना

प्रशिक्षणवाल्यांनी तक्ता दिलाय.
पद्धत, वेळ, सहभाग, परिणाम.
दोन पद्धतींची तुलना करून
शनिवारपर्यंत भरून द्यायचा.

सहावी अ मध्ये मी दुकान मांडलं.
बाकांची गल्ली, पुठ्ठ्याचा तराजू,
जुन्या कॅलेंडराच्या पाठीवर काढलेल्या नोटा.
वेदांग दुकानदार झाला
आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला
शंभर टक्के सूट देऊन बसला.
वर्ग हसला, मीही.
शेकडेवारी सगळ्यांची बरोबर आली.
घंटा झाली तेव्हा
कोणालाच तोटा झाला नव्हता.

सहावी ब ला नेलं खंडेराव मार्केटात.
आजचा भाव विचारा, कालचा विचारा, वाढ काढा.
पोरं पांगली टोमॅटोंवर, पापडीवर.
एकाने रताळं बघून "हे काय?" विचारलं
तर रताळेवालीने अर्धं कापून हातात दिलं,
पैसे घेतले नाहीत.
ते कुठल्या खात्यात मांडायचं
आम्ही अजून ठरवलेलं नाही.

हिरल बागुल तेवढी खांबाला टेकून.
"अगं, विचार ना कोणाला तरी भाव."
"ठाऊक आहेत, बाई."
तेव्हा कुठे मला दिसलं,
मेथीच्या ढिगामागे तेच कपाळ, तीच हनुवटी,
आणि गुजरातीत भाव सांगता सांगता
अहिराणीत गप्प झालेली आई.

धडा वर्गाबाहेर आणला म्हणून मी खूश,
आणि ही पोर इतकी वर्षं
घर वर्गाबाहेर काढून ठेवत होती,
चपलेसारखं.

आईच म्हणाली, "सांग ना त्यांना, उरलेल्याचं काय करतो."
हिरल खांबाशी बोलावं तसं बोलली:
सकाळी वीसची जुडी, दुपारी बाराची,
दिवे लागले की पाचला.
पाणी जास्त मारलं तर पान काळं पडतं.
पंचाहत्तरातल्या नऊ गाईच्या,
धरूनच चालायचं.
"म्हणजे गाईचे किती टक्के?" कोणीतरी विचारलं.
"बारा."
वही उघडलीच नव्हती तिने.

सोमवारी ती पहिल्या बाकावर वगैरे आली नाही,
तिसऱ्यावरच बसली, भिंतीकडे.
फक्त दप्तरातून एक जुडी काढून दिली.
"आईने दिलीय. हिशेबात धरू नका म्हणाली."

मी ती नकळत तक्त्यावरच ठेवली.
परिणामाच्या रकान्यात ओल उतरलीय,
मातीचा एक कणही.
शनिवारपर्यंत वाळेल.